मुलुंडच्या बदामावरचा प्रवासी

मुंबईंत राहणाऱ्या मनुष्यास सृष्टिसौंदर्य पाहण्याची इच्छा झाली म्हणजे तो प्रथम रेल्वेचें वेळापत्रक पाहतो. माथेरान, लोणावळें, फार झालें तर महाबळेश्वर, अशा ठिकाणीं तें सांठवून ठेवलेलें आहे व सुटीच्या दिवसांत जाऊन पाहून यावयाचें, अशी आपली सर्वांची समजूत असते. आमचीहि तशीच होती. मुलुंडास राहावयास येऊन आम्हांस तीस वर्षें होत आलीं. पश्चिमेच्या खिडकींतून डोंगराची रांग दिसते, गच्चीवर गेलें तर पूर्वेस मिठागरें व खाडी दिसते, आणि या दोहोंच्या मधून आगगाडीचा रस्ता धांवतो. परंतु आमच्या डोक्यावरून आणखीहि एक रहदारी चालते, हें आम्हांस गेल्या पावसाळ्यापर्यंत ठाऊक नव्हतें. तें कळण्यास कारण झालें तपकिरी रंगाचें, दिसण्यांत अगदीं सामान्य असें एक फुलपाखरूं.

ज्येष्ठाचा शेवटचा आठवडा होता. दोन दिवस झोडपून पावसानें जरा उसंत घेतली होती. सकाळीं सज्जांतील तुळशीपुढें दिवा लावावयास गेलेल्या आमच्या मातोश्रींनीं हांक मारली, “अरे, हा पतंग बघ, कसा उलटा टांगून घेतलाय!” अनंताच्या कुंडींतील एका पानाच्या खालच्या अंगास, पाय वर व डोकें खालीं करून, एक लांबट पंखांचा कीटक बसला होता. आमचे थोरले बंधू नाना यांनीं चष्मा लावून क्षणभर पाहिलें व निकाल दिला, “पतंगच. रात्रीं दिव्यावर आला असेल.” वहिनींनीं केरसुणी आणली. इतक्यांत त्यांची कन्या, जी महाविद्यालयांत प्राणिशास्त्र शिकते, ती भिंग घेऊन आली आणि म्हणाली, “बाबा, आधीं त्याच्या मिशा तर पाहा!”

पतंग आणि फुलपाखरूं यांतील भेद रंगावरून करूं नये. पतंगाच्या मिशा बहुधा पिसासारख्या किंवा साध्या दोऱ्यासारख्या असतात. फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला आगपेटीच्या काडीसारखा गुल असतो. या आमच्या पाहुण्याच्या मिशीस गुल तर होताच, पण तो निमुळता होत जाऊन शेवटीं आंकडीसारखा वळला होता. शिवाय डोकें रुंद, डोळे मोठे, दोन मिशांमध्यें चांगलें अंतर, आणि धड पंखांच्या मानानें जाडजूड. अशी लक्षणें ज्यांत असतात, त्या फुलपाखरांच्या कुळास इंग्रजींत स्किपर म्हणतात. फुलावरून फुलावर तरंगत जाण्याची ऐट यांच्यापाशीं नाहीं. हीं फेकलेल्या दगडासारखीं सुटतात आणि नजर ठरण्यापूर्वीं दुसरीकडे जाऊन बसतात. त्यांतहि लांब, टोंकदार पंखांच्या एका गटास ‘ऑल’ असें नांव आहे. ऑल म्हणजे चांभाराची आरी. मिटलेल्या पंखांचा तो आकार पाहिल्यावर हें नांव ज्यानें दिलें, त्यानें चपला शिवतांना लक्ष देऊन पाहिलें असावें असें वाटतें.

एवढ्यावर ओळख पटली असें समजून आम्ही चहास बसणार होतों. परंतु आरींतहि जाती आहेत. मुलुंडच्या रस्त्यांवर करंजाचीं झाडें पुष्कळ, आणि करंजावर वाढणारी एक आरी उपनगरांत नेहमींची आहे. तेव्हां ही तीच, असें पुतणीचेंहि प्रथम मत पडलें. पण त्या करंजावरच्या आरीच्या मागल्या पंखाच्या खालच्या बाजूस पांढरा आडवा पट्टा असतो, तो येथें कोठेंच नव्हता. पुढचे पंख तिच्याहूनहि अरुंद व लांब होते, आणि मागल्या पंखाच्या खालच्या कोपऱ्याशीं एक काळसर डाग व त्याला लागून थोडी पांढरी रेघ होती. पुस्तकांतील चित्रें व सज्जांतील पाहुणा यांच्यामध्यें आमच्या चारपांच खेपा झाल्या. पाहुणा हलला नाहीं. ढगाळ सकाळीं हा स्वस्थ बसतो हें आमचें भाग्य. नाहीं तर उडतांना पाहून याची जात सांगणें आमच्यासारख्यांचें काम नव्हे. अखेरीस नांव ठरलें तें ‘ब्राउन ऑल’, तपकिरी आरी. नाना म्हणाले, “म्हणजे रंग तपकिरी हें मी पहिल्यानेंच ओळखलें होतें.”

याचें शास्त्रीय नांव मोठें मौजेचें आहे. लिनियसचा शिष्य फाब्रिसियस यानें १७७५ सालीं याचें वर्णन करतांना याला ‘एक्स्क्लमेशनिस’, म्हणजे उद्गाराचा, असें म्हटलें. पुढें १८८१ सालीं फ्रेडरिक मूर यांनीं याचें घराणें वेगळें काढून त्याला ‘बडामिया’ असें नांव दिलें. मराठी कानास त्यांत बदाम ऐकूं आल्यावांचून राहत नाहीं. आणि याच्या अळ्या बदामाचीं पानें खातात, ही गोष्ट तर खरीच आहे. हा बदाम म्हणजे खीर-शिऱ्यांतला नव्हे. रुंद पानांचा, मजल्यामजल्यांनीं वाढणारा, ज्याचीं फळें दगडानें फोडून आपण सर्वांनीं लहानपणीं बोटें चेचून घेतलीं, तो देशी बदाम.

अळ्या कोठल्या झाडावर वाढतात, हें ज्ञान पुस्तकांत बसून झालेलें नाहीं. कारवारास टॉमस बेल नांवाचे जंगलखात्यांतले अधिकारी होते. त्यांनीं त्या रानांतल्या अळ्या घरीं आणून, पानें चारून, फुलपाखरूं बाहेर येईपर्यंत पाहण्याचा उद्योग वर्षानुवर्षें केला आणि तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत लिहून ठेवला. १९४८ सालीं ते वारले. त्यांच्याबरोबर लिहिणारे एडवर्ड हॅमिल्टन एटकिन हे तर साताऱ्यास जन्मलेले. १८८३ सालीं ही संस्था मुंबईंत निघाली तेव्हां तिचे पहिले चिटणीस तेच होते. पुष्कळांस ठाऊक नसतें कीं, ती स्थापन करणाऱ्या आठ गृहस्थांत दोघे आपले होते. प्रार्थनासमाजाचे डॉक्टर आत्माराम पांडुरंग हे एक, आणि रखमाबाईंचे सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुन हे दुसरे. आपल्या घरांत फुलपाखरांचा विषय निघाला म्हणजे ‘हे साहेबांचे शोक’ असें म्हणणारी मंडळी भेटते, म्हणून हें मुद्दाम लिहिलें.

आतां आमच्या घरचा बदाम. तो सोसायटीच्या फाटकाजवळ आहे आणि त्याच्या दोन फांद्या आमच्या सज्जावर येतात. पावसाळ्यापूर्वीं दरवर्षीं होते तशी त्याची छाटणी वैशाखांत झाली होती, आणि पहिल्या सरीबरोबर खुंटांना तांबूस हिरवी, लुसलुशीत पालवी फुटली होती. पाहुणा आला त्यानंतर आठदहा दिवसांत या पालवीस भोंकें पडूं लागलीं. पानांच्या कडा दुमडून रेशमी धाग्यांनीं शिवल्यासारख्या झाल्या. एक घडी उलगडून पाहिली तों आंत पिवळसर अंगाची, काळ्या आडव्या पट्ट्यांची, वाटोळ्या ठिपकेदार डोक्याची अळी. पुतणीस जो आनंद झाला, तो सोसायटींत दुसऱ्या कोणास होण्याचें कारण नव्हतें. फाटकांत सकाळसंध्याकाळ अळ्यांची लेंडी पडूं लागली व झाडाचा शेंडा जाळीसारखा दिसूं लागला.

रविवारीं सभा भरली. २०२२ सालीं घोणस अळीच्या बातम्यांनीं साऱ्या महाराष्ट्रांत घबराट उडविली होती, ती कोणी विसरलें नव्हतें. एका गृहस्थांचा दोन वर्षांचा नातू रोज त्याच झाडाखालीं खेळतो. ते म्हणाले, “झाड आमचें आहे, अळी आमची नव्हे. फवारा मारा.” त्यांचें म्हणणें आम्हांस रागाचें वाटलें तरी चुकीचें म्हणतां येईना. अंगावर कांटे वा केंस असलेल्या कित्येक अळ्या खरोखर दाह करतात, आणि लहान मुलास ही कोणती व ती कोणती हें कसें कळावें? तेव्हां पुतणीनें डबींतून आणलेली एक अळी सर्वांसमक्ष आपल्या तळहातावर ठेवली. ती गुळगुळीत अळी मनगटापर्यंत चालत गेली. “अगबाई!” असा उद्गार दोनतीन ठिकाणांहून निघाला, फाब्रिसियसनें दिलेल्या नांवाचें त्या दिवशीं सार्थक झालें. चर्चा होऊन असें ठरलें कीं, आठ दिवस थांबावें, तोंवर अळ्या कोषांत जातील. फवारणीवाल्यास सांगून ठेवलेलेंच होतें. त्याला नको म्हणून कळविण्याचें काम आम्हीं आपण होऊन पत्करलें.

त्या सप्ताहांत आम्ही सर्वजण बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानांत जाऊन आलों. हेतु हा कीं, जेथें छाटणी नाहीं व फवारा नाहीं, तेथें हाच प्राणी कसा राहतो तें पाहावें. नकाशावर पाहिलें तर मुलुंड व बोरिवली यांच्यामध्यें जंगलाचा डोंगरच काय तो आहे. परंतु आगगाडीनें जाणाऱ्या मनुष्यास आधीं खालीं दादरपर्यंत जावें लागतें, पूल चढून गाडी बदलावी लागते व पुन्हां तितकेंच वर यावें लागतें. आमच्या सज्जांतून उडालेलें फुलपाखरूं या खटाटोपांत पडत नाहीं. तें विहार व तुळशी या तलावांकडच्या रानावरून सरळ पलीकडे जाऊं शकतें. धाकट्या चिरंजीवांनीं दादरच्या पुलावरील गर्दींत ही तुलना आम्हांस दोनदां ऐकविली.

शंभरांहून अधिक चौरस किलोमीटर पसरलेलें हें जंगल एवढ्या मोठ्या शहराच्या पोटांत शिल्लक राहिलें, याचें श्रेय बरेंचसें पाण्यास आहे. १८६० सालीं विहार आणि १८७९ सालीं तुळशी हे तलाव मुंबईची तहान भागविण्यासाठीं बांधले गेले, आणि त्यांच्या पाणलोटाचें रान म्हणून भोंवतालचें रानहि सांभाळावें लागलें. आम्ही कान्हेरीच्या रस्त्यानें निघालों. पाऊस बारीक पडत होता. मातोश्रींस गुडघ्यांचा त्रास आहे, म्हणून त्यांना वाटेंतल्या एका दगडावर बसविलें, आणि गंमत अशी कीं, जें आम्ही शोधीत होतों तें त्यांच्याच डोक्यावर होतें. “हा बेहडा,” त्या वर पाहून म्हणाल्या. “त्रिफळा कुटतांना जन्म गेला आमचा, पान ओळखणार नाहीं का?”

हिरडा, बेहडा, ऐन, अर्जुन हे सारे आमच्या फाटकांतल्या बदामाचे सख्खे भाऊबंद. बदाम हा किनाऱ्याचा, बेहडा रानांतला, एवढाच फरक. म्हणून बदामावर पोसणारी अळी बेहड्यावरहि पोसते. संस्कृत काव्यांतून जिला माधवी किंवा अतिमुक्तलता म्हणतात व कोंकणांत हळदवेल, तिचींहि पानें हिला चालतात. त्या बेहड्याच्या खालच्या डहाळ्यांवर तशाच घड्या, तशींच भोंकें होतीं. कांहीं कोंवळ्या पानांच्या नुसत्या शिरा उरल्या होत्या. मात्र त्याच फांदीवर जुनीं, जून झालेलीं पानें जशींच्या तशीं होतीं. त्यांना अळीनें तोंड लावलेलें नव्हतें.

या प्राण्याच्या भटकंतीचें मर्म येथें आहे. अळीस कोंवळेंच पान पाहिजे. कोंवळें पान झाडावर थोडे दिवस असतें. म्हणून अळी घाईनें खाते व घाईनें वाढते. आमच्या बदामावर अंड्यांतून निघाल्यापासून कोषांत जाईपर्यंत पंधरा दिवसहि लागले नाहींत. पण कोषांतून फुलपाखरूं बाहेर येतें तेव्हां उरलेलें पान राठ झालेलें, आणि कोंवळें होतें तें त्याच्याच पिढीनें फस्त केलेलें. त्या झाडावर अंडीं घालून उपयोग नाहीं. मग जेथें पालवी फुटली असेल तेथें गेलें पाहिजे. अशीं हीं फुलपाखरें एकाच दिशेनें मोठ्या संख्येनें जातांना पूर्वींपासून पाहण्यांत आलेलीं आहेत. केवळ आपल्याकडेच नव्हे, तर दूर ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलँडांतहि. हिंदुस्थान, सिंहलद्वीप येथपासून पॅसिफिक महासागरांतील बेटांपर्यंत याचा संचार आहे. बहाव्यावर वाढणारीं पिवळट पांढरीं फुलपाखरेंहि प्रवासी आहेत, परंतु तीं शुभ्र असल्यामुळें दिसतात. हें तपकिरी, वेगानें जाणारें, दिसलें तरी पांखरूं गेलें असें वाटावें.

कान्हेरीचीं लेणीं पाहतांना नानांनीं एक गोष्ट सुचविली, ती नमूद करण्याजोगी वाटते. बौद्ध भिक्षु इतर काळीं फिरत असत आणि पावसाळ्यांत एके ठिकाणीं राहत. त्या वर्षावासासाठींच डोंगरांत अशीं लेणीं खोदलीं गेलीं. आपल्या चातुर्मासांतहि संन्याशांस फिरण्याचा निषेध आहे. आणि हा कीटक नेमका पावसांतच घर सोडतो! नाना म्हणाले, “शास्त्राविरुद्ध वागणारा दिसतो.” मातोश्री म्हणाल्या, “मुलांच्या पोटासाठीं जातोय ना, मग त्याला दोष नाहीं.”

संध्याकाळीं आम्ही भिजलेले, आनंदांत घरीं आलों. फाटकांतच औषधाचा उग्र वास आला. पहारेकरी म्हणाला, फवारणीवाला दुपारीं येऊन गेला. त्याला आज बोलावलेलें होतें ना? आम्ही तेथेंच उभे राहिलों. निरोप द्यावयाचा राहिला होता. डबे, छत्र्या, मातोश्रींचे औषध, लोकलचें वेळापत्रक, सारें आठवणीनें घेतलें आणि ज्या कामाची हमी चार लोकांत दिली होती तेंच विसरलों. झाडाखालीं पिवळ्या अळ्या पडल्या होत्या; कांहीं अजून हलत होत्या. पुतणी कांहीं बोलली नाहीं. तिनें कागदाच्या पुड्यांत हलणाऱ्या तेवढ्या वेंचल्या. रात्रीं त्यांतली एकहि उरली नाहीं. जेवतांना कोणी विषय काढला नाहीं, आणि आमच्या ताटांत वहिनींनीं नेहमींपेक्षां कमी वाढलें असा आम्हांस भास झाला.

दुसऱ्या दिवशीं कळलें कीं, अर्धें झाड फवारून झाल्यावर जोराची सर आली व तो मनुष्य यंत्र उचलून निघून गेला. आमच्या सज्जावरच्या दोन फांद्या वांचल्या होत्या. तेथें मोजून नऊ घड्या होत्या. पुढें आठ दिवस घरांत सकाळचें पहिलें काम म्हणजे त्या नऊ घड्या पाहणें. एक घडी वाऱ्यानें तुटली. एक मुंग्यांनीं रिकामी केली.

आषाढी एकादशीच्या सकाळीं मातोश्री पूजेस बसल्या असतां सज्जांतून पुन्हां हांक आली. या वेळीं ती धाकट्याची होती. घडीच्या तोंडाशीं, पांढऱ्या भुकटीनें माखलेल्या रिकाम्या कोषाजवळ, ओलसर पंखांचें तपकिरी फुलपाखरूं टांगलेलें होतें. पुढच्या पंखांवरचे अर्धपारदर्शक ठिपके इतक्या जवळून आम्हीं प्रथमच पाहिले. पंख वाळण्यास तासाभराहून अधिक वेळ लागला. त्यानें एकदां पंख थरथरविले, भुर्र असा स्पष्ट आवाज झाला, आणि पान रिकामें होतें. कोणत्या दिशेनें गेलें याबद्दल घरांत अजून दोन मतें आहेत. द्वादशीपर्यंत अशीं सात निघालीं.

त्यानंतर चार दिवसांनीं दुपारीं ऊन पडलें, म्हणून वहिनी व पुतणी ओलीं लुगडीं घेऊन गच्चीवर गेल्या होत्या. हांकेसरशीं आम्हीहि गेलों. खाडीच्या बाजूनें एक तपकिरी ठिपका आला, पाण्याच्या टांकीच्या उंचीवरून सरळ गेला आणि डोंगराकडे नाहींसा झाला. मागून दुसरा. मग बराच वेळ कांहीं नाहीं. मग एकदम तीन. एकहि फुलाकडे वळला नाहीं, कीं एकहि मागें फिरला नाहीं. एक मात्र दोरीवरच्या ओल्या धोतरावर क्षणभर बसला, तेवढ्यांत पुतणीनें मिशीची आंकडी व कोपऱ्यांतला डाग पाहून घेतला. त्यामुळें ओळखीविषयीं शंका उरली नाहीं. अर्ध्या तासांत धाकट्यानें वहींत एकेचाळीस रेघा ओढल्या. खालीं रस्त्यावर शाळा सुटली होती, रिक्षांचा गोंगाट चालला होता, आणि सात मजल्यांवर आम्ही सहा माणसें माना वर करून उभीं होतों. आमच्या सज्जांत जन्मलेलीं सात त्यांत होतीं असें धाकटा म्हणतो. तशी खूण कोणावरहि नव्हती. पण आम्हीं त्याच्याशीं वाद घातला नाहीं.

श्रावणांत बदाम पुन्हां पानांनीं भरला. फवारलेला अर्धा व न फवारलेला अर्धा यांत आतां भेद दिसत नाहीं. त्या नातवाच्या आजोबांची भेट झाली तेव्हां निरोपाच्या चुकीबद्दल आम्हीं त्यांची क्षमा मागितली, कारण सभेंत शब्द त्यांनाहि दिला होता. ते म्हणाले, “त्यांत काय मोठेंसें!” पण गेल्या आठवड्यांत तेच नातवास कडेवर घेऊन आमच्या दारांत आले. हातांत बदामाचें एक दुमडलेलें पान होतें, देठासकट, फार जपून धरलेलें. “तुमच्या मुलीला विचारा, यांत आहे का तें?” पुतणीनें टांचणीनें घडी हळूच उघडली. आंत एक कोळी होता. आजोबांचा चेहरा उतरला. नातू मात्र टाळ्या वाजवूं लागला.